तूफान दीदी

लीलाताई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघायच्या. यजमान "या, बसा" म्हणत खुर्ची पुढे करत असायचा आणि या दारातच उभ्या राहून, मान मागे टाकून छत न्याहाळत असायच्या. मग भिंतीपाशी जाऊन बोटांच्या पेरांनी दोन-तीन ठिकाणी ठोकून बघायच्या, बाजारात कलिंगड ठोकतात तसं. हे झाल्याशिवाय त्या बसत नसत. लग्नघर असो, मयताचं घर असो की बँक. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांची नाडी बघायला हात मागत होते आणि ताईंचा तोच हात भिंतीवर होता.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या वरची खोली भाड्याने हवी म्हणून. आमचं घर जबलपूरच्या तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. बाबा तोफांच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा शहरातल्या गोरखपूर भागातली जागा सोडून त्यांनी इथे घर बांधलं, स्वतः उभं राहून. छताचा स्लॅब टाकला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्या स्लॅबकडे एक अनोळखी बाई संशयाने बघते आहे, हे त्यांना सहन होईना.

"बाई, फॅक्टरीच्या माणसानं टाकलेला स्लॅब आहे हा. वर तोफ ठेवा, हलणार नाही."

"तोफ नाही ठेवायची मला. राहायचं आहे," ताई म्हणाल्या. मग खिडकीतून खाली नदीकडे बघत विचारलं, "पाणी कुठपर्यंत येते?"

"आमच्या दारापर्यंत कधीच आलेलं नाही."

"अजून आलं नाही," ताईंनी दुरुस्ती केली.

बाबा दोन दिवस धुमसत होते. पण भाडेकरू मराठी होती, एकटी होती, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली होती. खोली दिली. त्यांचं आडनाव पांढरीपांडे. जबलपूरच्या जिभेला ते काही झेपलं नाही. खालच्या बस्तीतल्या लोकांनी पुढचा अर्धा भाग नर्मदेत सोडून दिला आणि त्यांना पांडे दीदी करून टाकलं. तूफान दीदी हे नाव नंतरचं.

त्यांचे यजमान रेल्वेत होते, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सत्तरी जवळ आलेली, अंगाने काटक, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. खोलीत सामान थोडं, पण सगळं जमिनीपासून उंच: विटांवर कॉट, विटांवर ट्रंक, तांदळाचा डबासुद्धा खिळ्याला टांगलेला. वरच्या मजल्यावर हे सगळं बघून बाबांना हसू आवरत नसे. एकदा त्यांनी विचारलंच, "पाण्याची एवढी धास्ती आहे, तर नदीकाठी काहून राहता तुम्ही?"

"लांब राहून पाहिलं ना, भाऊसाहेब. तिकडेही झोप येत नव्हती. इथे निदान पाणी दिसते तरी."

या उत्तरावर बाबा हसले नाहीत.

आमच्या घराच्या खाली, रस्ता जिथे घाटाला लागतो तिथे, ती बस्ती होती. नाव चालवणारी, फुलं-नारळ-अगरबत्ती विकणारी, दीपदानाचे द्रोण लावणारी माणसं. अर्धी घरं विटांची, अर्धी पत्र्या-कुडाची. गेंदाबाईचं फुलांचं दुकान तिथलंच. नवरा नाव चालवायचा, ती झेंडू ओवायची, आणि दुकानाच्या बाजूला खाटेवर बसून तिची सासू सगळ्या घाटावर नजर ठेवायची. त्या म्हातारीला सगळे अम्मा म्हणत. तिला ऐकू कमी यायचं आणि बोलायचं जास्त असायचं.

दरवर्षी जेठाचं ऊन कलायला लागलं की लीलाताई गळ्यात शिट्टी अडकवून बस्तीत उतरायच्या. आधारकार्डं, पासबुकं पन्नीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, दोन पिशव्यांत कशी बांधायची. काडेपेटी मेणबत्तीबरोबर स्टीलच्या डब्यात का ठेवायची. दोराला अशी गाठ कशी मारायची की ओढली तर घट्ट व्हावी आणि सोडायची म्हटलं तर एका झटक्यात सुटावी. खाटेला दोन बांबू बांधून म्हाताऱ्या माणसाला कसं उचलायचं. यासाठी अम्मा कायमची रुग्ण. तिला खाटेवरून घाटाच्या पायऱ्या चढवत नेलं की ती दोन्ही हात जोडून बघ्यांना नमस्कार करायची आणि ओरडायची, "अरे, अभी मरी नहीं हूँ, बस दीदी का खेल चल रहा है!"

नाववाले नदीत पाय सोडून हसत बसायचे. "दीदी, हम तो पैदा ही पानी में हुए हैं."

"तभी तो डर लगता है तुम्हारे लिए," ताई म्हणायच्या. "जो पानी से नहीं डरता, पानी उसी को पहले पूछता है." आणि वर येऊन मला मराठीत सांगायच्या, "नीता, सुक्या पायानं हसणं सोपं असते गं. हसू दे. गाठ मारायला शिकले, बस झालं."

रोज सकाळी त्या मोबाईलवर समुद्राची बातमी बघायच्या. आमच्यापासून समुद्र शेकडो कोस लांब, पण बंगालच्या उपसागरात कुठे ढग गोल फिरायला लागले की ताईंची वेणी सैल पडायची, जेवण अर्ध्यावर राहायचं. "तिकडे ओडिशात आपटलं तर आपल्याला काय?" बाबा म्हणायचे. ताई म्हणायच्या, "वादळ किनाऱ्यावर मरते असं तुम्हाला कोणी सांगितलं? ते चालत येते. वारा तिकडे टाकून देते, पाणी इकडे आणते." त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं: "पाणी विचारून येत नाही, पण सांगून येते. आपण ऐकत नाही, एवढंच." हे ऐकून ऐकून बस्तीने त्यांचं नाव तूफान दीदी ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या रागावल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली होती. एवढं सगळं शिकवून झाल्यावर कोणीतरी हमखास विचारायचं, "अच्छा दीदी, सब बाँध लिया. फिर जाएँ कहाँ?" आणि इतका वेळ खणखणीत बोलणाऱ्या ताई एकदम गप्प व्हायच्या. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणायच्या, "वो... वो अपना-अपना देख लेना." आणि वर निघून यायच्या. त्या दिवशी मग त्यांच्या खोलीचं दार संध्याकाळपर्यंत लावलेलं असायचं.

त्याचं कारण मला एका मे महिन्यात कळलं. रविवार होता, भर दुपार. लाईट गेलेली, पंखा बंद. टीव्हीवर थोड्या वेळापूर्वीच आंध्रच्या किनाऱ्यावरचं वादळ दाखवत होते: नारळाची झाडं जमिनीला टेकलेली, एका शाळेत लोकांना आणून बसवलेलं. लाईट जाऊन पडदा काळा झाला तरी ताई त्याच्याकडेच बघत होत्या.

"शाळा पक्की असते असं वाटते ना सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या दुपारी एकदाच, आवाज न चढवता सांगितलं.

लग्नानंतर यजमानांची बदली त्याच किनाऱ्यावरच्या एका लहान स्टेशनावर झाली होती. ताईंनी गावाचं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तेलुगू शिकल्या, स्टेशनाशेजारच्या शाळेत पोरांना शिकवायला लागल्या. त्यांना सगळं गाव टीचरम्मा म्हणायचं. एक दिवस रेल्वेच्या फोनवर निरोप आला: मोठं वादळ येऊन राहिलं आहे. यजमान स्टेशन सोडू शकत नव्हते. ते म्हणाले, तू जा, तुझं ऐकतील लोक.

"आणि ऐकलं ना त्यांनी," ताई म्हणाल्या. "घरोघर फिरले मी. कोळ्यांची वस्ती होती ती. शाळा पक्की आहे, शाळेत या, शाळेत या. पोरं तर माझीच होती. मी म्हटलं की आईला ओढत घेऊन आली. काही घरं नाही आली. म्हणे, आम्ही रेल्वेच्या बांधावर जातो, तो उंच आहे. मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा. उघड्यावर काय मरायचं आहे का, म्हटलं."

अप्पलम्मा नावाची एक म्हातारी झोपडीतून निघतच नव्हती. तिचा मुलगा, सून, नातवंडं, सगळी शाळेत पोचली होती. ताई तिला आणायला परत गेल्या. तिला पाठीवर घेऊन निघाल्या तेव्हा वारा असा झाला होता की शाळेकडे पाऊल टाकता येईना. शेवटी बांधाचा आडोसा धरला, तिथल्याच लोकांनी हात देऊन दोघींना वर ओढून घेतलं. मग समुद्र आत आला. शाळेची मागची भिंत आधी बसली, तिच्यावर छत.

"आवाज नाही आला. वाऱ्यातून काही ऐकूच येत नव्हतं. उजाडल्यावर दिसलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बांधावरचे वाचले. माझं न ऐकलेले. आणि मी वाचले. माझं स्वतःचं कोणी गेलं नाही गं, नीता. म्हणून मला रडायचाही हक्क नव्हता तिथे. अप्पलम्मा माझ्याकडे बघून एकच विचारायची, मला काहून आणलंस? रागानं नाही. खरंच विचारायची. तिला कळत नव्हतं."

थोड्या वेळाने लाईट आली, पंखा फिरायला लागला. ताई उठून पाणी प्यायल्या आणि वर गेल्या. जिन्यात थांबून म्हणाल्या, "भाऊसाहेबांना नको सांगू. छताची चेष्टा करतात ती करू दे त्यांना. बरं वाटते."

त्यानंतर दोन पावसाळे नुसते गेले. तिसऱ्या वर्षी गणपती नुकतेच उठले होते आणि नदीवरचं, आमच्या वरच्या अंगाचं धरण काठोकाठ भरलेलं होतं. अशात उपसागरात ढग फिरायला लागले. वादळ ओडिशात धडकलं, जमिनीवर येऊन मंदावलं, बातम्यांनी त्याचा नाद सोडला. ताईंनी सोडला नाही. त्या दिवसभर आकाशाकडे नाही, मोबाईलच्या नकाशाकडे बघत होत्या. "छत्तीसगड ओलांडून राहिलं," म्हणाल्या. "आता इकडेच."

मग पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस नवा नाही, पण हा थांबतच नव्हता. त्याला जोर चढत नव्हता, उतरतही नव्हता, एका सुरात पडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा लावलेली सरकारी जीप फिरायला लागली: धरणाचे दरवाजे उघडले आहेत, आणखी उघडणार आहेत, खालच्या बस्तीतल्या लोकांनी सामान घेऊन घाटाजवळच्या धर्मशाळेत पोचावं. धर्मशाळा दुमजली होती, जुनी, दगडी, पक्की.

अर्ध्या तासात आमच्या फाटकाशी माणसं जमली. डोक्यावर पोती, कडेवर पोरं, पन्नीच्या पिशव्या गळ्यात बांधलेल्या. गाठी सगळ्या बरोबर मारलेल्या होत्या. अम्मा खाटेवर, खाटेला बांबू. या वेळी ती नमस्कार करत नव्हती.

"दीदी, गाड़ी बोल रही है धर्मशाला. आप बोलो. कहाँ जाएँ?"

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. लोक वाट बघत होते. नदीचा आवाज बदलला होता, वर घरापर्यंत ऐकू यायला लागला होता.

बाबांना राहवलं नाही. "पांढरीपांडे बाई, सांगून टाका ना धर्मशाळा म्हणून! पक्की इमारत आहे!"

ताईंनी बाबांकडे असं बघितलं की ते एक पाऊल मागे सरले.

तेवढ्यात गेंदाबाई फाटकातून आत आली. तिच्या लुगड्याचं पाणी आमच्या ओसरीवर निथळत होतं. ती ताईंच्या शेजारी पायरीवर बसली, अगदी खांद्याला खांदा लावून.

"दीदी, आप मत बताओ," ती म्हणाली. "आप बस चलो. हम पीछे आ जाएँगे."

ताईंचा आवाज फुटला. "और मैं ग़लत चली तो?"

"तो सब साथ में रहेंगे ना. आप भी."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. चप्पल घातली नाही. फाटकातून बाहेर पडल्या आणि धर्मशाळेकडे न वळता उलट्या दिशेने, चढावर चालायला लागल्या.

अर्धी बस्ती त्यांच्या मागे निघाली. अर्धी धर्मशाळेकडे गेली. मी ताईंच्या मागे गेले. नागपूरचा हमरस्ता ओलांडून पलीकडे मुरुमाचं एक टेकाड आहे, त्यावर गवत आणि दोन बोरी, बाकी काही नाही. तिथे ताई थांबल्या. वर फक्त आकाश, आणि तेही पडत असलेलं. लोक कुरकुरले. पोरं कुडकुडत होती. कोणीतरी म्हणालं, "दीदी, यहाँ तो सिर पर कुछ भी नहीं है."

"हाँ," ताई म्हणाल्या. "कुछ भी नहीं है."

मग मात्र त्यांची शिट्टी वाजली. बांबू रोवले गेले, तिरपालं ताणली गेली, दोर पडले, आणि इतकी वर्षं हसत हसत शिकलेल्या गाठी वाऱ्यात घट्ट होत गेल्या. ताई एका तिरपालाखालून दुसऱ्याखाली जात होत्या, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होत्या. मोजत नव्हत्या, नुसता हात लावत होत्या. अंधार पडायच्या सुमाराला बाबा आले. एका हातात छत्री, एका हातात चहाचं मोठं पातेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. "स्लॅब सोडून आलो तुमच्यापायी," म्हणाले. "ओसरीला पाणी लागलं." अम्माने चहा घेतला आणि बाबांना सुनावलं, "शक्कर कम है, भैया. बाढ़ में भी कंजूसी?"

उजाडलं तेव्हा बस्ती नव्हती. तिच्या जागी तांबूस, रुंद, घाईत असलेलं पाणी होतं. गेंदाबाईच्या दुकानावरच्या कडुलिंबाचा शेंडा तेवढा वर दिसत होता. धर्मशाळेचा खालचा मजला बुडाला होता, पण इमारत उभी होती. तिथले लोक वरच्या मजल्यावर होते, कोरडे, सुखरूप. आमचेही सगळे होते, ओले आणि सुखरूप.

हे इथे थांबलं असतं तर मी तुम्हाला एका विजयाची गोष्ट सांगितली असती. पण अम्माला ताप भरला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि पाणी ओसरायच्या आत ती गेली.

लोक बोललेच. वाईट माणसं नव्हती ती, दुःखात माणूस हिशेब करतो. "धर्मशाला में सूखे में रहती, तो बुढ़िया बच जाती." एक बाई हे आमच्या फाटकाशी म्हणाली आणि ताईंनी वरून ऐकलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. जेवणाचं ताट मी वर नेऊन ठेवायचे आणि तसंच खाली आणायचे. बाबा जिन्याखाली उभे राहून हाका मारायचे, "लीलाताई, अहो लीलाताई!" बाई म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. एकदा फक्त दाराआडून त्या मला म्हणाल्या, "आता दोघी विचारून राहिल्या गं, नीता."

अम्माच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेंदाबाई आली. तिचं बिऱ्हाड तेव्हा शाळेच्या एका वर्गात होतं. ती सरळ वर गेली आणि दार वाजवत राहिली, ते उघडेपर्यंत. मी ताट घेऊन मागे उभी होते.

"कल तेरहवीं है, दीदी. आना है."

"किस मुँह से आऊँ, गेंदा? मैं ही तो ले गई थी उनको वहाँ."

"आप?" गेंदाबाई चिडलीच. मी तिला चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "आप आगे थीं, बस. चले तो हम थे, अपने पाँव से. अम्मा की खाट मैंने उठाई थी, मेरे आदमी ने उठाई थी. आधे लोग नहीं आए, तो नहीं आए ना? हम भी नहीं आते. हमारी अक़ल नहीं है क्या? सब आपने ही किया, हमने कुछ नहीं किया?"

ताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. साधं रडू नव्हतं ते. जुनं, कोंडलेलं, खोकल्यासारखं बाहेर येत होतं. गेंदाबाईने त्यांना धरलं नाही. ती खाली जमिनीवर बसली आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पूड़ी, कद्दू की सब्ज़ी और बूँदी है. ग्यारह बजे आ जाना. अम्मा को देर पसंद नहीं थी."

दुसऱ्या दिवशी ताई गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात पंगत होती. त्या बस्तीच्या बायकांच्या ओळीत बसल्या. जी बाई आमच्या फाटकाशी बोलली होती, तिनेच त्यांच्या पानात पुरी वाढली, "और लो, दीदी" म्हणत. ताईंनी आणखी एक घेतली. मी शेजारी होते. त्या हळूहळू, लहान मुलासारख्या, सगळं पान संपेपर्यंत जेवल्या.

दिवाळी झाली. बस्तीतल्या लोकांना वरच्या अंगाला जागा मिळाली, घरं उभी राहायला लागली. एक दिवस ताई बाबांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी जाऊन येते तिकडे." बाबांनी, कुठे, असं विचारलं नाही. त्यांना मी तोवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी स्वतः स्टेशनावर जाऊन तिकीट काढून आणलं.

नागपूरला गाडी बदलायची होती. मी त्यांना स्कूटरवरून स्टेशनला नेलं, एक बॅग पायाशी, एक त्यांच्या मांडीवर. गाडी लागलेली होती. खिडकीशी बसवून दिल्यावर मला राहवेना.

"ताई, काहून जाता? कोण ओळखणार तुम्हाला आता तिथे? आणि ओळखलं तर काय म्हणतील?"

"म्हणू दे ना. म्हणायला कोणी मिळालंच नाही त्यांना." त्यांनी खिडकीच्या गजातून माझा हात धरला. "आम्ही लगेच बदली मागून निघून आलो होतो गं. एवढी माणसं गेली, मी एकाच्याही तेराव्याला जेवले नाही."

गाडी हलली. त्यांनी हात सोडला.

पहिला फोन आला तो पोचल्यानंतर काही दिवसांनी. मागे वारा होता, आवाज तुटत होता. "गाव आहे गं. मोठं झालं. सुरुवातीला कोणाला सांगितलंच नाही मी कोण ते. मग सांगितलं."

"मग?"

"देवळाच्या पारावर बसले होते सगळे. एक जण उठून निघून गेला. बाकीचे बसून राहिले."

"परत केव्हा येता?"

"पाहू."

अधूनमधून फोन यायचे. एका कोळ्याच्या घरात खोली घेतली होती. मुलांना दोर बांधायला शिकवत होत्या, तेलुगू परत जिभेवर येत होतं, मध्येच मला तेलुगूत काहीतरी म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. झोप लागते का, असं मी एकदा विचारलं. "कमी," म्हणाल्या. "पण आता जागी असले तर कोणीतरी विचारते, झोपल्या नाही का म्हणून." येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही नाही. वरच्या खोलीला बाबांनी दुसरा भाडेकरू ठेवला नाही.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावण लागला होता तेव्हा, त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे पुरुषाचा आवाज होता. मोडकं हिंदी. "नीता मैडम? टीचरम्मा... कल सुबह. सोने में ही. तकलीफ नहीं हुआ."

मी भिंतीला टेकून बसले. बाबा समोर येऊन उभे राहिले, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना समजलं. मी फोनमध्ये एवढंच विचारू शकले की सगळं नीट झालं ना.

"सब हुआ, मैडम. पूरा गाँव आया."

"अग्नी... आग किसने दी?"

"मैं दिया." तो म्हणाला. "टीचरम्मा आपको बोला होगा. पहला दिन एक आदमी उठके चला गया था. वो मैं. मेरा दो बड़ा बहन था उस स्कूल में."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता, की वारा होता, कोण जाणे. मग तो म्हणाला, "मैडम, उधर अभी बारिश बहुत है ना? टीवी में दिखाता है. आप लोग ऊपर हैं ना? सब लोग?"

"हाँ, भैया," मी म्हटलं. "सब लोग ऊपर हैं."